राहिलेली ओटी

"बोल!" असं विदुलाआत्या नुसतं ओठांनी म्हणाली आणि तिनं माइक माझ्या हातात कोंबला.

नुसतं ओठांनी, कारण तिचा घसा बसला होता. साधासुधा नाही, पार तळाला जाऊन बसला होता. आदल्या दिवशी शाळकरी पोरांची सहल तिनं शनिवारवाडा आणि सारसबागेत भर उन्हात ओरडून सांभाळली होती, आणि सकाळी उठली तर गळ्यातून नुसती वाफ. पण आजची सहल रद्द करणं शक्य नव्हतं. आत्या पुण्याहून एका दिवसाच्या सहली काढते. थेऊर, भुलेश्वर, निघोजचे रांजणखळगे, सकाळी जा आणि रात्री जेवायला घरी. त्यातली ही सगळ्यांत मागणीची, 'पाण्यातलं देऊळ'. मावळातल्या एका धरणाखाली करंजोळ नावाचं गाव गेलंय. वर्षभर ते पाण्यात असतं. मे महिन्यात पाणी ओसरलं की देऊळ वर येतं, गावाची जोती वर येतात, आणि पुण्यातल्या बायका पुरीभाजीचे डबे घेऊन ते बघायला जातात.

मी तेव्हा सातवीची परीक्षा दिली होती आणि सुट्टीत आत्याच्या हाताखाली काम करत होते. काम म्हणजे उलटीच्या पिशव्या वाटणं.

आता मी दहावीत आहे, आणि मला गप्प करायचं तर कुलकर्णीबाईंना डस्टर आपटावं लागतं. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पाचवीत स्नेहसंमेलनाला "आदरणीय व्यासपीठ" एवढं म्हणून मी स्टेजवर जी उभी राहिले ती राहिलेच. पुढचं अक्षर येईना. शेवटी पडदा पाडावा लागला. तेव्हापासून वर्गात माझं नावच पडलं, पडदा. घरच्यांनी हौसेनं ठेवलेलं नाव काय, तर स्वरदा!

"नमस्कार," मी माइकमध्ये म्हणाले. माइकनं किंकाळी फोडली.

बसमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सहलीला आलेल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष जोगळेकरकाकू, गॉगल डोक्यावर, हातात चिवड्याची पुडी. त्यांच्या मागं त्यांच्या मैत्रिणी. माझ्या घशात काहीतरी आडवं आलं. मला सगळं पाठ होतं, देऊळ किती जुनं, धरण कधी झालं. पण तोंड उघडलं आणि आत नुसतं कोरडं.

"अगं, बोल की! आम्ही काही खात नाही तुला, चिवडा आहे आमच्याकडे," जोगळेकरकाकू म्हणाल्या आणि बस हसली.

मी माइक यासीनभाईंच्या शेजारी ठेवला आणि बसले. यासीनभाई म्हणजे आमचे ड्रायव्हर. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाण्यांचा आवाज वाढवला. मला रडू येत होतं.

"होतं असं," शेजारच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. "कधी कधी आवाज आतच राहतो."

त्या शेडगेकाकू. मंडळातल्या नव्हत्या. आत्याची जाहिरात बघून एकट्याच आलेल्या. साठीच्या असतील. मोकळं कपाळ, करड्या रंगाची साडी, आणि मांडीवर एक कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. चिवडा फिरत आला तेव्हासुद्धा त्यांनी पिशवीवरचा हात काढला नाही.

"काय हो, सोन्याच्या विटा आहेत का काय पिशवीत?" जोगळेकरकाकूंनी विचारलं.

"तांदूळ आहेत," शेडगेकाकू म्हणाल्या.

"सहलीला तांदूळ?"

यावर त्या हसल्या फक्त, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, देवळात वाहायला आणले असतील.

धरणाकाठी पोचलो तेव्हा ऊन नुसतं रणरणत होतं. वरून बघितलं तर खाली मोठ्ठा तपकिरी खड्डा, मधे उरलेलं हिरवं पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेला चिखलात बुडालेलं दगडी देऊळ. आमच्या आणि गावाच्या मधे एक ओढा होता. तेव्हा तो जवळजवळ कोरडा, दगडांवर पाय ठेवत ओलांडता येण्याजोगा. आत्या यासीनभाईंच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना ऐकवलं.

"मॅडमचा निरोप ऐका. आज वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे, शेतीला. चारच्या सुमाराला भोंगा वाजेल. भोंगा वाजला की हातातलं टाकायचं आणि ओढ्याच्या अलीकडं यायचं. ओढा एकदा भरला की मग पलीकडं जो राहिला तो राहिला. संध्याकाळपर्यंत देऊळसुद्धा दिसणार नाही."

"म्हणजे आमचा शेवटचा शो!" जोगळेकरकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या टाळ्या पिटत उतरणीला लागल्या.

आत्यानं माझा दंड धरला. ओठांनी आणि बोटांनी मिळून तिनं मला सांगितलं, त्या एकट्या आहेत, त्यांच्याबरोबर राहा.

एवढं काम मला जमण्यासारखं होतं. त्यात बोलावं लागणार नव्हतं.

गाव म्हणजे काय, तर चिखल वाळून भेगाळलेलं मैदान आणि त्यात गुडघ्याएवढ्या दगडी चौकटी. एकेक चौकट म्हणजे एकेक घर. सगळीकडं शिंपल्यांचा चुरा, मेलेल्या माशांचा वास, मधेच अर्धं गाडलेलं जातं. मंडळाच्या बायका घरांमधून सरळ आरपार चालत देवळाकडं निघाल्या, या घरातून त्या घरात, भिंतीच नाहीत म्हटल्यावर काय! सेल्फी चालू झाले.

शेडगेकाकू मात्र सरळ गेल्या नाहीत.

त्या थोड्या पुढं गेल्या आणि एकदम उजवीकडं वळल्या. तिथं वळायला काही नव्हतं. नुसता सपाट चिखल. मग थोडं चालून डावीकडं. मग कुणाला तरी वाट द्यावी तशा अंग चोरून एका बाजूला झाल्या आणि परत चालायला लागल्या. मला आधी हसू आलं, वाटलं ऊन लागलं यांना. मी त्यांच्या मागं सरळ जायला लागले तर त्या न वळताच म्हणाल्या, "तिकडून नको, तो गोठा आहे गणूआबाचा. म्हैस मारकी आहे."

मी थांबले. आणि का कोण जाणे, वळसा घालून गेले.

एका चौकटीपाशी त्या थांबल्या. तिचा उंबरा शाबूत होता, काळ्या दगडाचा, मधे पावलांनी झिजून खोलगट झालेला. काकूंनी चपला बाहेर काढल्या. जोडीनं, भिंतीकडं टाचा करून. मग, आणि हे मी कधीच विसरणार नाही, त्यांनी आत शिरताना मान खाली घातली. वर नुसतं आभाळ होतं. पण दार बुटकं असतं ना जुन्या घरांचं, कपाळ आपटू नये म्हणून वाकावं लागतं, तशा त्या वाकल्या.

"ये आत," त्या म्हणाल्या. "चपला काढ."

बाहेरचा चिखल तव्यासारखा तापला होता. मी चपला काढल्या, टुणकन उडी मारून उंबरा ओलांडला आणि पाय खाली टेकवले. गार. एकदम गार, नुकतंच सारवलं असावं इतकं. मी पाऊल उचलून बघितलं, परत टेकवलं. गारच. आणि तो माशांचा वास गेला होता. त्या जागी धुराचा वास होता, ओल्या गोवऱ्यांचा.

"कुणीतरी चूल पेटवलीय का इथं?" मी विचारलं.

"हं," काकू म्हणाल्या, जसं काही त्यात विशेष नाही.

त्या मागच्या कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसल्या. पिशवीतून एकेक वस्तू काढून त्यांनी समोर मांडली. खणाचा चौकोन, हिरवा. नारळ. हळकुंड, सुपारी. शेवटी तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी, दुकानातली, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली. ती त्यांनी सोडली नाही, तशीच परत कापडी पिशवीत ठेवली. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मीही बसले. देवळाकडून जोगळेकरकाकूंची अंताक्षरी ऐकू येत होती, पण लांबून, पाण्यातून यावी तशी.

"काकू, कुणाची वाट बघताय?"

"आईची," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हे माझं माहेर," त्या म्हणाल्या. "सोळाव्या वर्षी लग्न झालं माझं, पुण्यात दिलं. पहिल्या माहेरपणाला आले ती इथंच. धरणाचं काम झालं होतं, लोक उठणार हे ठरलं होतं, पण दिवाळीनंतर म्हणत होते. आणि आखाडातच पाणी चढायला लागलं. एका दुपारी ट्रक आले. दोन. म्हणाले, आत्ता बसा, भांडीकुंडी राहू द्या. सासरे मला न्यायला आलेलेच होते. ते म्हणाले, चल. आई म्हणाली, थांबा जरा, पोरीची ओटी भरते, रिकामी कशी लावू? आणि तांदूळ आणायला आत गेली."

त्यांनी हातानं कोपऱ्यातली एक जागा दाखवली. "तिथं कणगी होती."

"मग?"

"मग सासऱ्यांनी हाताला धरून मला ट्रकमधे चढवलं. ओढ्याला पाणी आलं होतं, ड्रायव्हर थांबेना. मी ओरडले, आई यायचीय. लोक म्हणाले, ती मागच्या ट्रकमधे येईल." काकूंनी खणाची घडी सारखी केली. "वर पोचल्यावर मागच्या ट्रकातल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्हाला वाटलं ती लेकीबरोबर पुढच्यात बसली."

इतकी वर्षं या बाई हे घेऊन पुण्यात राहत होत्या, भाजी आणत होत्या, रिक्षा करत होत्या.

"सासरच्यांनी पुन्हा कधी येऊ दिलं नाही इकडं. हे असेपर्यंत यांनाही आवडायचं नाही. यांना जाऊन तीन वर्षं झाली." त्यांनी मोकळ्या कपाळाला हात लावला. "आता माझी ओटी कोण भरणार, सांग. विधवा बाईची भरतात का? कुणी भरत नाही. पण आईला त्याचं काय! आईला लेक ती लेक. कुंकू बघून थोडीच भरते ती. माहेरवाशिणीनं रिकाम्या ओटीनं उंबरा ओलांडू नये. मी एकदा ओलांडला. आता नाही ओलांडणार."

तेव्हाच भोंगा वाजला.

असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. लांब, जाडा, डोंगरावर आपटून परत येणारा. देवळाकडची अंताक्षरी तुटली. मी उठून उभी राहिले. बायका पदर, ओढण्या सावरत ओढ्याकडं निघाल्या होत्या. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी "माझी बाटली राहिली!" ओरडत होतं.

"काकू, चला."

"तू जा, बाळ."

"काकू, पाणी येतंय! चला ना!"

"जा म्हटलं ना. तुझी आई वाट बघत असेल."

मी त्यांचा हात धरून ओढला. हात हलका होता पण हलेना. चिखलात रुतलेला ओंडका ओढावा तसं. पलीकडच्या काठावर मला विदुलाआत्या दिसली, सगळ्यांच्या पुढं, आम्ही नेमक्या कुठं ते न कळून ती सगळीकडं हात हलवत होती, तोंड उघडून ओरडत होती, आणि तिच्या तोंडातून काही म्हणजे काहीच येत नव्हतं. मी पण तोंड उघडलं. "आत्या! काकू येत नाहीयेत!" एवढंच तर ओरडायचं होतं. पण घशात तेच आडवं आलं. आम्ही दोघी दोन काठांवर तोंडं उघडून उभ्या, आणि आवाज कुणालाच नाही.

आणि ओढा चमकायला लागला. मघाशी जिथं नुसते दगड होते तिथं आता दगडांच्या मधून एक बारीक, लाल, घाई झालेलं पाणी पळत होतं.

मी पळू शकत होते. खरं सांगायचं तर एक पाय मी उंबऱ्याबाहेर टाकलाही. बाहेर चिखल तापलेला होता, आत गार होतं, आणि मी मधे उभी. तेवढ्यात माझ्या मागं, आतल्या बाजूला, कणगी होती म्हणाल्या त्या कोपऱ्यात, काहीतरी खसफसलं. सूप हलवल्यावर दाणे सरकतात ना, तसं.

मी मागं बघितलं नाही. मानच वळेना. मी काकूंकडं बघत होते, आणि काकू माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. त्यांचा चेहरा कसा झाला होता सांगू? शाळा सुटल्यावर फाटकात सगळ्या आयांमधून आपली आई दिसते त्या वेळी पहिलीतल्या पोरांचा होतो तसा.

आणि मग माझं तोंड उघडलं.

"ठके! ऊठ की गं! किती येळ बसतीस? गाडी खोळंबलीया भाईर. पदर धर म्होरं!"

एवढा आवाज! माझ्या पोटातून निघाला, छातीतून वर आला, डोंगरावर गेला आणि परत आला. मी पुण्यातली, सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी. आमच्या घरात 'येळ' म्हणत नाहीत, 'म्होरं' म्हणत नाहीत. ठकू हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शेडगेकाकू उठल्या. गुडघ्याला हात न लावता, मुलीसारख्या चटकन. त्यांनी पदर पुढं घेतला आणि दोन्ही हातांनी पसरून धरला.

माझ्या ओंजळीत दाणे होते. एवढं मला आठवतं. ते कुठून आले ते आठवत नाही. ओंजळ ओली होती, जड होती, आणि मी ती त्यांच्या पदरात ओतली, परत ओतली, परत. मग खण, मग नारळ. माझे हात ते करत होते, कधी न शिकलेलं, अगदी सवयीनं.

"आता जा," माझ्या तोंडून आलं, हळू. "मागं बघू नगंस."

आम्ही चपला घातल्या नाहीत. त्या तिथंच राहिल्या, भिंतीकडं टाचा करून. मी काकूंचा एक हात धरला, दुसऱ्या हातात त्यांनी ओटी घट्ट धरली होती. गल्लीतून गेलो, वळसा घालून, गणूआबाचा गोठा सोडून. ओढ्याशी आलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं आणि ओढत होतं. मधल्या दगडावर माझा पाय घसरला. तेवढ्यात यासीनभाई पँट गुडघ्यापर्यंत भिजवत समोरून आले, एका हातानं मला आणि एका हातानं काकूंना धरून त्यांनी आम्हाला काठावर अक्षरशः फेकलं.

"अल्ला!" ते धापा टाकत म्हणाले. "मोजल्यावर तुम्ही दोघी कमी. कुठं बघावं कळेना. मग ती हाक आली म्हणून पळालो तिकडं. कोण होती ती बाई?"

"कुठली बाई?" जोगळेकरकाकूंनी विचारलं.

"हाक मारणारी. गावाकडची वाटली. म्हातारी."

"मीच हाक मारली," मी म्हणाले.

यासीनभाईंनी माझ्याकडं बघितलं. आत्यानं माझ्याकडं बघितलं, मला पोटाशी धरलं, मग रागानं पाठीत एक धपाटा घातला, मग परत पोटाशी धरलं. आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो. पाणी आवाज न करता गावात शिरत होतं, एकेका चौकटीत दाराकडून. खरंच. जोती गुडघ्याएवढीच, पण आधी उंबऱ्यावरून आत जायचं, मग बाकीचं भरायचं.

परतीच्या बसमधे अंताक्षरी झाली नाही. काकू खिडकीशी बसल्या होत्या, ओटी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. मला वाटलं झोपल्या. पण चांदणी चौक आला तेव्हा त्या डोळे मिटूनच म्हणाल्या,

"तुला माझं नाव कुणी सांगितलं?"

"कुठलं? शुभांगी? यादीत होतं की."

"ते नाही."

मी म्हणाले, "तुम्हीच सांगितलं असेल मघाशी. बोलता बोलता."

"नाही, बाळ." त्यांनी डोळे उघडले. "लग्नात नाव बदलतात ना मुलीचं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. माझं शुभांगी लिहिलं. त्या दिवसापासून सासरी जुन्या नावानं कुणी हाक मारली नाही. यांनाही माहीत नव्हतं. माझ्या मुलांनाही नाही. ते नाव घेणारं एकच माणूस होतं."

त्यांनी पदराची गाठ सोडली.

बसमधला दिवा पिवळा होता, तरी नीट दिसलं. पदरात नारळ होता, खण होता आणि तांदूळ होते. पण ते दुकानातले पांढरेशुभ्र, लांबसडक नव्हते. जाडे होते, तांबूस, हातसडीचे असतात तसे. आणि ओले. पदराचं कापड खालून भिजून काळं झालं होतं, आणि गाळाचा वास येत होता.

मी त्यांची कापडी पिशवी उघडली. पळताना ती त्यांच्या खांद्यालाच लटकत राहिली असणार. आत तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी होती. गाठ तशीच होती, त्यांनी मारलेली, घट्ट.

आम्ही दोघींनी ती बघितली. मग काकूंनी पदर परत बांधला आणि मीही पिशवीचं तोंड बंद केलं. स्वारगेटला त्यांचा मुलगा न्यायला आला होता. "काय आई, चपला कुठं गेल्या?" त्यानं विचारलं. "माहेरी राहिल्या," त्या म्हणाल्या, आणि तो हसला.

त्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवीच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, प्रार्थनेनंतर सुविचार कोण सांगेल? मी हात वर केला. "पडदा!" मागून कुणीतरी म्हणालं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मागच्या मैदानात कबड्डी खेळणारी पोरं थांबून बघायला लागली इतका आवाज आला. त्यानंतर कुणी मला पडदा म्हटलं नाही. वक्तृत्वाच्या ढाली आता आमच्या शोकेसमधे मावत नाहीत, आत्याच्या बसमधला माइकही माझाच असतो, आणि सगळे म्हणतात, काय खणखणीत आवाज आहे हो पोरीचा, कुठून आणला!

मी हसते. फक्त स्टेजवर पहिला शब्द बोलायच्या आधी जिभेवर कधीकधी गाळाची चव येते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेडगेकाकूंचा फोन येतो, मे महिन्यात, पाणी ओसरल्याची बातमी पेपरात आली की. इकडचं तिकडचं बोलत नाहीत त्या. "काम काही नाही गं," म्हणतात. "नुसती एकदा हाक मार."

मग मी खोलीचं दार लावून घेते. "ठके," म्हणते. पलीकडं त्यांचा श्वास थांबतो. माझं काम तिथं संपतं, मी तेवढंच ठरवलेलं असतं. पण दरवेळी, मी फोन ठेवायच्या आत, माझ्याच तोंडून पुढचं येतं,

"भाकर खाल्लीस का गं?"